एका ताऱ्याच्या अभिप्रायाला उत्तर: डमी ३०२चा, इंजिन ३५१चं

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय वाचला. डमी इंजिन, म्हणजे किट कार (सुटे भाग जोडून स्वतः बांधायची गाडी) बांधताना खऱ्या इंजिनाच्या जागी ठेवून मापं घ्यायचा फोमचा हलका साचा, पोहोचायला उशीर झाला आणि मधल्या काळात तुमच्या फोनला वेळेवर उत्तर मिळालं नाही, त्याबद्दल माफी मागतो. तेवढा राग रास्त आहे.

बाकीच्याबद्दल मात्र बोलावंच लागेल, कारण हे वाचूनच पुढचं गिऱ्हाईक यायचं की नाही ते ठरवतं, आणि आमचं पोट याच एका वस्तूवर आहे. तुम्ही लिहिलंय की आम्ही फोमचं खेळणं विकतो, मापं चुकीची आहेत, आणि डमीवर बेतून केलेले हेडर (इंजिनातला धूर बाहेर नेणारे पाइप) खरं इंजिन बसवल्यावर दोन्ही बाजूंच्या फूटबॉक्सला (पाय ठेवायच्या जागेच्या पेटीला) टेकले. खेळणं म्हणालात, चालेल. 'मापं चुकीची' हे मात्र लागलं.

तुम्ही मागवला होता फोर्डच्या ३०२ या व्ही-८ इंजिनाचा डमी. ऑर्डरवर ३०२ आहे, बिलावर ३०२ आहे. अभिप्रायाबरोबर तुम्ही जो फोटो टाकलाय, त्यातलं इंजिन फोर्डचंच, पण ३५१ विंडसर आहे. फोटो मोठा करून पाहा. पुढचं टायमिंग कव्हर संपतं तिथून वरच्या इनटेक मॅनिफोल्डपर्यंत (हवा आत नेणाऱ्या भागापर्यंत) ब्लॉकचा जो भाग उघडा दिसतो, तो ३०२मध्ये थोडासाच असतो. तुमच्या फोटोत तो चांगला उंच आहे. वरून बघून फसगत होते हे मान्य, कारण व्हॉल्व्ह कव्हर दोन्हींची सारखीच, सहा बोल्टची. बेलहाउसिंगची (गिअरबॉक्स जोडतात त्या कवचाची) भोकं तीच, माउंटची (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांची) भोकं तीच. म्हणूनच तुमचे माउंट आणि गिअरबॉक्स एका फटक्यात बसले. ते आमच्याच मापांवर बसले, साहेब, त्याचा उल्लेख अभिप्रायात नाही.

फरक आहे तो डेकच्या उंचीचा. म्हणजे क्रँकच्या मध्यापासून हेड (सिलिंडरवरचं झाकण) बसतं त्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर: ३०२ला साधारण ८.२ इंच, म्हणजे २०८ मिमी. ३५१ विंडसरला ९.५ इंच, म्हणजे २४१ मिमी. मधले ३३ मिमी सरळ वर जात नाहीत. हे ९० अंशांचं व्ही इंजिन, प्रत्येक बाजू ४५ अंशांत कललेली, त्यामुळे प्रत्येक हेड सुमारे २३ मिमी वर आणि तेवढंच बाहेर सरकतं. दोन्ही बाजू धरल्या तर इंजिन ४६ मिमी रुंद झालं. फूटबॉक्स आणि हेडर यांच्यामध्ये बोटभर जागा ठेवून पाइप वळवलेत, मग ते टेकणारच. ३०२चा डमी ३०२सारखाच वागला, यात आमचा काय दोष?

किमतीबद्दल म्हणता की एवढ्या पैशात भंगारातून खरा ब्लॉक आला असता. आला असता. पण बीडाचा रिकामा ब्लॉकसुद्धा एकट्याने हलवायची वस्तू नाही, आणि बीडाच्या हेडसकट पूर्ण इंजिन २०० किलोच्या पुढे जातं. किट कारच्या कामात इंजिन एकदा ठेवून भागत नाही. स्टिअरिंगचा शाफ्ट आडवा आला की काढा, संप (इंजिनाखालची तेलाची टाकी) चासीच्या आडव्या क्रॉसमेंबरला लागतोय का ते बघायला पुन्हा ठेवा, प्रॉपेलर शाफ्टचा कोन जमेना म्हणून शेपूट थोडी उचला. दर वेळी चेन कप्पी लावायची, आणि खाली हात घालायचा तो जीव मुठीत धरून. डमी एकटा माणूस उचलून ठेवतो. पैसे त्याचे आहेत, शिवाय बोल्टच्या प्रत्येक भोकात स्टीलची बुश बसवलेली असते त्याचे.

खरं इंजिन डमीपेक्षा खाली बसलं, हीही तुमची तक्रार आहे. बसणारच. डमीला वजनच नाही, त्यामुळे माउंटचं रबर दबत नाही आणि पुढच्या स्प्रिंगाही दबत नाहीत. म्हणून संपखालची जागा शेवटी खऱ्या इंजिनावरच तपासायची, आणि गाडी जोर घेते तेव्हा इंजिन माउंटवर डोलतं, त्यासाठी बाजूलाही मोकळीक ठेवायची. सोबतच्या कागदावर हे छापलंय. अक्षर बारीक आहे, ते मोठं करायचं बघतो. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी कोपरा वितळला, त्याबद्दलही त्याच कागदावर आहे: माउंट टॅक करून (ठिपक्यांपुरतं वेल्ड करून) घ्या, मग डमी बाहेर काढूनच पूर्ण वेल्ड मारा. पॉलियुरेथेन जळलं की विषारी धूर होतो, त्यामुळे हा प्रश्न नुसत्या कोपऱ्याचा नाही.

ऑर्डर घेताना इंजिनाच्या फोटोची विचारणा करावी, असं आता मनात आहे. काही लोकांना ते आगाऊपणाचं वाटतं, पण बघू.

तुमच्यासाठी एवढं करू शकतो: हेडच्या खाली घालायला ३३ मिमीच्या दोन पट्ट्या कापून देतो. त्या लावल्या की हाच डमी ३५१च्या उंचीला येईल आणि नवे हेडर त्यावर वळवता येतील. पट्ट्यांचे पैसे नकोत, पाठवणीचा खर्च तेवढा तुमचा. भोकं पाडलेला, वितळलेला डमी परत घेणं मात्र जमणार नाही.

तारे किती द्यायचे ते तुम्ही ठरवा. अभिप्रायात फक्त '३५१' हा आकडा तेवढा घाला, ही विनंती.