नऊ जीबीचं लग्न

भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ आईला दाखवायचा, एवढंच काम होतं. नऊ जीबीची एकच फाइल. लग्न लागायला जितका वेळ लागला नाही तितका ते टीव्हीवर लावायला लागला.

चूक माझीच. दोन वर्षांपूर्वी लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजसारखीच, पण वेगळ्या घराण्यातली यंत्रणा) टाकलं आणि नवा मुसलमान दिवसातून सात वेळा नमाज पढतो तशा उत्साहात हार्ड डिस्कसुद्धा ईएक्सटी-४ मध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायच्या लिनक्सच्या पद्धतीत, फॉरमॅट केली. फोटोग्राफरच्या डिस्कवरून व्हिडिओ तिच्यात उतरवून घेतला, त्याची डिस्क त्याला परत दिली आणि माझी खिशात टाकून साताऱ्याला ताईकडे गेलो.

दाजींच्या लॅपटॉपवर विंडोज. डिस्क लावली. 'टिंग' वाजलं आणि पाटी आली: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?

आता दाजी स्वभावाने सरळ माणूस. कुणी काही विचारलं की 'हो' म्हणायचं, म्हणून तर सोसायटीचे चेअरमन झालेत. त्यांचं बोट निघालं. मी चहाचा कप हातात घेऊन जी उडी मारली, तिचे डाग सतरंजीवर अजून आहेत.

"दाजी, थांबा! सगळं पुसलं जाईल!"

"अरे, पण तोच म्हणतोय ना करायला?"

त्याला समजत नाही म्हणून तो म्हणतो! डिस्कवर काहीतरी आहे हे दिसतं, पण लिहिलंय कुठल्या पद्धतीने ते कळत नाही, मग सरळ पाटी कोरी करायचा सल्ला. मोडी लिपीतलं दप्तर हाती आलं, वाचता येईना, म्हणून बंबात घालू का विचारण्यातला प्रकार.

तेवढ्यात जावईबापू पुढे सरसावले. त्यांच्याकडे मॅक. नव्या जावयाला नाही कसं म्हणणार? पण मॅकलाही ईएक्सटी-४ कळेना. "मामा, तोवर माझ्याकडचे फोटो तरी देतो," म्हणून त्यांनी दाजींची डिस्क लावली. ती एनटीएफएसची, म्हणजे १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेली पद्धत. मॅक ती वाचतो, पण जास्तीचं सॉफ्टवेअर घातल्याशिवाय तिच्यावर लिहीत नाही. जुन्या देवळातल्या गाभाऱ्यासारखं: उंबऱ्याबाहेरून दर्शन घ्या, आत पाऊल टाकायचं नाही. घराघरांतलं सोवळंओवळं संपलं म्हणतात, ते इथे येऊन राहिलंय.

आई हे सगळं पलंगावरून बघत होती. "कॅसेट होती तेव्हा बरं होतं," एवढंच म्हणाली.

पुढच्या रविवारी अख्खा लॅपटॉपच घेऊन गेलो. ताईने देवघराच्या खणातून एक पेन ड्राइव्ह काढून दिला, त्यात पूर्वी सत्यनारायणाची पोथी होती. टीव्हीला तो चालायचा. कॉपी लावली. पट्टी सरकू लागली, पाव, तिसरा हिस्सा... आणि चार जीबी झाल्यावर ठप्प. फाइल फार मोठी.

पेन ड्राइव्हवर तर जागाच जागा! पण तो होता फॅट-३२ पद्धतीचा, आणि ती पद्धत १९९६ सालची. त्यात फाइलचा आकार नोंदवायला ३२ बिटांचाच रकाना ठेवलाय. त्या रकान्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. एवढ्या बाइट्सच्या पुढे एक बाइट गेला तरी नोंद होत नाही. म्हणजे गोदाम केवढंही असो, पावती पुस्तकात आकडाच मावत नाही, म्हणून माल उतरवून घ्यायचा नाही.

मग पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला. २००६ सालची ही पद्धत म्हणजे वरणभात. खास कुणाच्या आवडीचा नाही, पण बहुतेक घरी चालतो. विंडोज वाचतं, मॅक वाचतो, लिनक्सही वाचतं. अडचण इतकीच की लिहिणं चालू असताना मध्येच उपटला तर सावरायला त्याच्याकडे नोंदवही नसते. म्हणून मी दाजींना पेन ड्राइव्हपासून दोन हात लांब बसवलं. नऊ जीबी सुखरूप उतरले. ताईने दिवाणखान्यातले पडदे ओढले, शेजारच्या काकू चिवड्याची ताटली घेऊन आल्या. टीव्हीला लावलं.

टीव्ही म्हणाला, काहीच लावलेलं नाही.

ताईचा टीव्ही जुना. त्याच्या घरी वरणभातसुद्धा चालत नव्हता. पुन्हा फॅट-३२, आणि व्हिडिओचे तीन तुकडे. पहिल्या तुकड्यात मी मामा म्हणून भाचीला मांडवात आणतो. गर्दीतून वाट काढताना माझं उपरणं कुणाच्या तरी खुर्चीत अडकतं, हे मला लग्नात कळलंच नव्हतं. काकू मनापासून हसल्या. मंगलाष्टकं सुरू झाली, शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट हलला... आणि पडदा काळा. तुकडा संपला.

"दुसरा लावतो," मी रिमोट शोधू लागलो.

"राहू दे," आई उठत म्हणाली. "ती मोरपंखी साडीतली बाई कोण, तेवढंच बघायचं होतं मला. आपल्या शकूची जाऊ निघाली."