मटारवाल्या मावशींची चाल

लेडीज डब्यात मांडीवर पर्स, पर्सवर मोबाईल आणि मोबाईलवर लुडो एवढीच माझी मालमत्ता. त्यात काल एका मावशींनी हात घातला. खरोखरचा हात, मटार सोलता सोलता.

लुडोचा नाद कसा लागला हे सांगण्यात अर्थ नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये भाच्याने मोबाईलवर टाकून दिला. लॉकडाऊन उठला, भाचा नोकरीला बंगळुरात गेला, लुडो माझ्याकडे राहिला. आता डोंबिवलीला गाडीत शिरायचं, चौथी सीट मिळाली की अर्धं बूड टेकवायचं आणि खेळ लावायचा. समोर कोण खेळतंय ते देवाला ठाऊक. नाव ‘गेस्ट’ आणि पुढे सात-आठ आकडे.

मावशी तिसऱ्या सीटवर. मांडीवर मटारची पिशवी, दाण्यांसाठी स्टीलचा डबा, सालींसाठी वेगळी पिशवी. मुंब्रा येईपर्यंत त्या नुसत्या बघत होत्या. मग राहवेना.

“सहा पडत नाही वाटतं?”

“नाही ना.”

“मग एकावर काढ सोंगटी.”

“एकावर निघत नाही, मावशी.”

“आमच्याकडे निघते.”

‘आमच्याकडे’ म्हणजे कणकवली. तिथले सगळे नियम मला कळव्यापर्यंत कळले. दोन सोंगट्या एका घरात बसल्या की त्यांना कुणी मारायचं नाही. एकीला तरी मारल्याशिवाय घरात शिरायचं नाही. “हा तुमचा मोबाईलवाला काय खेळतो मग?” असं त्यांनी मलाच विचारलं, जणू मी तो बनवला. डब्यातल्या बाकीच्या बायका तोवर कान देऊन होत्या. खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या, सांगलीला एकावर निघत नाही. झालं. कणकवली विरुद्ध सांगली, आणि माझा फासा मधल्या मध्ये आपोआप पडून गेला, कारण वेळ संपली.

सहा पडत नाही याचं मी हिशेबाने समाधान करून घेते. सलग बारा दानांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता साधारण नऊत एक आहे. म्हणजे होतं असं. पण समोरच्या गेस्टला लागोपाठ दोन सहा पडतात तेव्हा हा हिशेब गळ्याखाली उतरत नाही. खेळात देवही हरलेत म्हणा. खंडोबा सारीपाटात म्हाळसेकडून हरला, बारा वर्षं बाणाईकडे मेंढरं राखायला गेला आणि येताना बाणाईलाच घेऊन जेजुरीला आला. हरण्यातून एवढी कमाई मी दुसरीकडे ऐकलेली नाही. मी हरले की जाहिरात मिळते. ती बंद करायची फुली कोपऱ्यात तिळाएवढी, आणि बोट जरा चुकलं की थेट कर्ज देणाऱ्यांच्या दारात.

तर ठाणे सुटलं तेव्हा माझी पुढची पिवळी सोंगटी पटाची बावन्न घरं जवळजवळ फिरून आली होती. तीन घरं गेली की आपली उभी गल्ली, तिथे कुणी मारू शकत नाही. दान पडलं चार. मी बोट उचललं, एवढ्यात “अगो, ती हिरवी मार आधी!” आणि मटारचं ओलं बोट माझ्या मागच्या सोंगटीवर.

हिरवी तिच्यापुढे तीन घरांवर होती. मावशींनी उभं असलेलं घरही मोजलं. माझी सोंगटी हिरवीला ओलांडून एक घर पुढे जाऊन उभी राहिली, आयती हिरवीच्या तोंडाशी. पुढची तशीच उघड्यावर. लालला पाच पडले, तिने ती मारली आणि माझ्या सोंगटीची सगळी प्रदक्षिणा फुकट गेली.

“तुझं नशीबच नाही गो,” मावशी म्हणाल्या आणि पुढची शेंग फोडली.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पलीकडे एक बाई रोज व्यंकटेश स्तोत्र वाचते, तिला कुणी “ही ओवी गाळा” म्हणत नाही. क्रोशाचा रुमाल विणणारीचा टाका कुणी उसवत नाही. चाळिशीतली बाई निव्वळ खेळत बसली की मात्र तिचा मोबाईल सार्वजनिक. घरीही तेच. नवरा दिवसभर क्रिकेट बघतो ती ‘मॅच’ असते. माझा अर्धा तास म्हणजे “काय ते टुकटुक चाललंय!” पोळ्या झालेल्या असतात, डबे भरलेले असतात, तरी. मी मटार सोलत बसले असते तर कुणाची हरकत नव्हती. सोलायलाच घेतलं असतं, पण घरी आणून पडलेले मटारही मीच सोलते, तेवढं पुरे आहे.

मावशी घाटकोपरला उतरल्या. उतरताना मूठभर दाणे माझ्या हातात ठेवले, मी खाल्लेसुद्धा. गोड होते, त्याचाही राग आला.

लालने मला हसून डोळ्यांत पाणी आलेला पिवळा चेहरा पाठवला. उत्तर द्यावं म्हणून बघितलं, तर तिथे तयार वाक्यांची यादी असते, त्यातलंच निवडायचं. ‘हॅलो’ आहे, ‘वेल प्लेड’ आहे, ‘लवकर खेळा’ आहे. ‘ती चाल माझी नव्हती’ असलं काही नाही. मग ‘लवकर खेळा’ पाठवलं.