तारखांच्या घोळाबद्दल थोडं

गोव्यातल्या एका गावच्या फुटबॉल क्लबाच्या इतिहासावरच्या लेखात, क्लबाने १९९० साली राष्ट्रीय लीग खेळल्याचं म्हटलंय. ते शक्य नाही, कारण नॅशनल फुटबॉल लीग सुरूच झाली १९९६मध्ये. बहुधा ती आंतरराज्य निमंत्रित स्पर्धा असावी.

असे घोळ होतात ते ट्रॉफीवरचं साल वाचल्यामुळे. हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होऊन पुढच्या वर्षात संपतो, त्यामुळे साल नेहमी जोडीने लिहावं: १९८२-८३. गोव्याची पहिली संतोष ट्रॉफी (राज्यांच्या संघांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा) त्याच हंगामातली, बंगालबरोबर विभागून.

जुने निकाल पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात, जुन्या वर्तमानपत्रांत शोधा. 'गोमन्तक' १९६२पासूनचा, 'नवहिंद टाइम्स' १९६३पासूनचा. 'ओ हेराल्डो' मात्र १९८३पर्यंत पोर्तुगीजमध्ये निघायचा, म्हणून गावाचं नाव पोर्तुगीज स्पेलिंगने शोधावं लागतं. नाहीतर बातमी डोळ्यांसमोर असून निसटते.

स्थापनेचं साल आणि गोवा फुटबॉल असोसिएशनकडच्या नोंदणीचं साल वेगवेगळं लिहा. असोसिएशनच १९५९ची, त्याआधी खेळणाऱ्या संघांची नोंदणी तिथे कशी मिळणार? आणि जुन्या फोटोंमागे नावं आजच पेन्सिलीने लिहून घ्या, बॉलपेनची शाई पुढून उमटते. ओळखणारी माणसं आता फार थोडी उरलीत.