लिपिक व्हायचंय? आधी मजला निवडा

अभिनंदन! लोकसेवा आयोगाच्या यादीत तुमचं नाव लागलंय, लिपिक-टंकलेखक म्हणून. मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द, इंग्रजी ४०, दोन्ही प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या फोल्डरात जपून ठेवलीत हे बरंच केलंत. आता एक हिताची गोष्ट ऐका. बोटं किती वेगानं चालतात हे यापुढे कुणी विचारणार नाही. ती कुठल्या इमारतीत चालतात, तेवढं बघायचं.

पसंतीक्रम भरताना पोरं नेमकी इथेच फसतात. आईवडील थकलेत, गावी शेत आहे, असल्या क्षुल्लक कारणांसाठी जिल्ह्यातलं कार्यालय वर टाकतात. सुरुवातीला काही कळतही नाही. मंत्रालयातला लिपिक आणि तालुक्यातला लिपिक, दोघेही एस-६ या वेतनस्तरात, १९,९०० वर रुजू होतात. घरभाडं बाजूला ठेवलं तर पगारपत्रकात जुळे भाऊ. तुम्ही खूश. थोडा दम धरा, पदोन्नती येऊ द्या. मंत्रालयातला भाऊ सहायक कक्ष अधिकारी होतो, एस-१४, मूळ वेतनाची सुरुवात ३८,६००. तुम्ही वरिष्ठ लिपिक होता, एस-८, सुरुवात २५,५००. पेढे दोघांनीही वाटायचे. तुम्ही पाव किलोत भागवा.

शिवाय गट-क च्या त्याच परीक्षेतून निवडलेला कर सहायक पहिल्याच दिवशी २५,५०० च्या खुर्चीत बसतो. म्हणजे अर्धी नोकरी घासून तुम्ही जिथे पोचणार, तिथून तो निघतो. त्याला नावं ठेवू नका. अर्जात त्यानं वेगळ्या चौकोनावर टिचकी मारली, हे कर्तृत्व थोडं नाही.

‘पण काम तर तेच!’ हे वाक्य कार्यालयात चुकूनही उच्चारू नका. त्यासाठी एक पथ्य पाळावं लागतं: आपल्या हातून गेलेला कागद पुढे कुठे जातो ते बघायचं नाही. मी एकदा बघितलं आणि तेव्हापासून झोप उडाली. विधानसभेचा तारांकित प्रश्न आला होता. तालुक्याला निरोप पोचला पावणेसहाला, माहिती हवी ‘आज, तात्काळ, खास बाब’. आमच्या तिथल्या लिपिक पोरानं घरी फोन करून जेवून घ्यायला सांगितलं, अकरा रकान्यांचा तक्ता काढला, जुन्या नोंदवह्या उपसून आकडे भरले आणि शेवटच्या रकान्यात ‘निरंक’, म्हणजे ‘काही नाही’, लिहिताना घाईत ‘निंरक’ टंकलं. अनुस्वार एक घर अलीकडे. तक्ता जिल्ह्याला गेला. तिथे त्याला ‘उपरोक्त विषयान्वये सविनय सादर’ असं आवरणपत्र लागलं. विभागाला गेला, तिथे दुसरं आवरणपत्र. आयुक्तालयात तिसरं. मंत्रालयात, सर्वांत वरच्या मजल्यावर, त्याची टिपणी झाली आणि टिपणीच्या शेवटच्या रकान्यात, देवाशप्पथ सांगतो, ‘निंरक’ होतं. चार कार्यालयं, तीन आवरणपत्रं, सगळ्यांच्या सह्या, आणि अनुस्वार जागचा हलला नव्हता.

यावर तुम्ही म्हणाल, मग वरच्यांनी नेमकं काय केलं? अहो, त्यांनी धोरणात्मक काम केलं. तुम्ही आकडे गोळा करता ते कारकुनी, ते पुढे चिकटवतात ते धोरण. तुमच्या टेबलापुढे सातबाऱ्यासाठी, दाखल्यासाठी, अनुदानासाठी तावातावानं माणसं उभी असतात, त्यातला एखादा रोज आवाज चढवतो. याला जबाबदारी म्हणत नाहीत, ती गर्दी. जबाबदारी पासाशिवाय आत येत नाही.

कायद्याच्या नादी लागणार असाल तर राज्यघटनेचा अनुच्छेद ३९ (घ) वाचा, समान कामाबद्दल समान वेतन. ऊर भरून येईल. तसा तो स्त्री आणि पुरुष या दोघांबद्दल बोलतो, दोन मजल्यांबद्दल नाही. वाचून झालं की दोन पानं मागे या आणि अनुच्छेद ३७ बघा: ही तत्त्वं न्यायालयामार्फत अंमलात आणता येत नाहीत. तरी १९८२ साली दिल्ली पोलिसांतल्या एका चालकानं सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि रणधीर सिंह खटल्यात न्यायालय म्हणालं की हा मूलभूत हक्क नसला तरी घटनेचं ध्येय नक्की आहे. त्याला वेतनश्रेणीही मिळाली. पण तो गाडी चालवत होता. गाडी दोन्हीकडे सारखीच चालते, हे न्यायाधीशांना दिसतं. कागदाचं तसं नाही. १९८८ मध्ये सीमाशुल्क आणि उत्पादन शुल्क खात्यातल्या लघुलेखकांनी केंद्रीय सचिवालयातल्या लघुलेखकांशी बरोबरी मागितली, तेव्हा उत्तर मिळालं की काम वरून सारखं दिसलं तरी विश्वासार्हतेत आणि जबाबदारीत फरक असू शकतो. तेव्हा लघुलिपीतली रेघ साहेबाचं वजन बघून जाड-बारीक काढायची सवय ठेवा.

दिल्लीतही हेच चालतं, म्हणून मनाला लावून घेऊ नका. सहाव्या केंद्रीय वेतन आयोगानं सचिवालय आणि क्षेत्रीय कार्यालयं यांच्यात समानता ठेवा असं लिहिलं. नोव्हेंबर २००९ मध्ये सचिवालयातल्या सहायकांचा ग्रेड पे ४,६०० झाला, बाहेरचे ४,२०० वर राहिले. सातव्या आयोगानं समानतेचं पुन्हा लिहून दिलं. आयोगांचंही आपल्यासारखंच असतं, स्मरणपत्रं काढत राहायची.

आपल्याकडे समित्यांची ददात नाही. राज्याचे पगार ठरवायला बक्षी समिती झाली, सुधारित वेतनाचे नियम २०१९ च्या जानेवारीत निघाले, त्यातल्या त्रुटी शोधायला पुढे खुल्लर समिती बसली. मधल्या काळात महसुलातल्या लिपिकाला ‘महसूल सहायक’ म्हणू लागले. नाव ऐकून सासरे सुखावले. १९,९०० मात्र जागच्या जागी, त्या अनुस्वारासारखे.

तरीही निवेदन द्यायची खुमखुमी असेलच तर द्या, बापडे. वरिष्ठांमार्फत द्या, आगाऊ प्रत परस्पर पाठवू नका, शिस्तभंग होतो. पोच घ्या. कार्यालयातले कागद सहा गठ्ठ्यांत लावायच्या ‘सहा गठ्ठे’ पद्धतीत स्वतःची मागणी कुठे लावायची असा प्रश्न पडला तर ‘प्रतीक्षाधीन’ गठ्ठा त्यासाठीच आहे. निवेदन वर जाईल, प्रत्येक मजल्यावर त्याला एकेक आवरणपत्र लागेल. मग एखाद्या शुक्रवारी, पावणेसहाला, ते तुमच्याच टेबलावर परत येईल. सोबत तक्ता: ‘आपल्या कार्यालयातील वेतन तफावतीने बाधित लिपिकवर्गीय कर्मचाऱ्यांची माहिती आजच सादर करावी.’

तुम्ही हौसेनं ‘१४’ टंकायला जाल. तेव्हा नायब तहसीलदार भाऊसाहेब चष्मा वर करून समजावतील, की बाबा रे, आकडा लिहिलास तर प्रपत्र अ ते फ भरावी लागतात, प्रत्येकाच्या सेवापुस्तकाच्या साक्षांकित प्रती जोडाव्या लागतात, आणि शेवटची एसटी साडेसहाची आहे.

घड्याळ बघा. टंका. घाईत अनुस्वार अलीकडे पडला तरी चालेल, वर कुणी हलवत नाही.