४६ दिवसांत सापडला तो रेणू होता, औषध नव्हे

‘एआयनं ४६ दिवसांत औषध शोधलं. आता औषधसंशोधनात पीएचडी करणं म्हणजे उमेदीची वर्षं फुकट घालवणं. माणसांवरच्या चाचण्या ही कंपन्यांनी लांबवलेली औपचारिकता आहे. खरी औषधं तयार आहेत, फक्त दडवून ठेवली आहेत.’

हा मजकूर सगळीकडे फिरतोय. नुसता माझ्याकडे आला असता तर पुसून टाकला असता. पण तो माझ्या ताईकडे गेला आणि तिनं लेकीला विचारलं, ‘मग तू अजून तिथे काय करतेयस?’ माझी भाची मशीन लर्निंग वापरून नवी प्रतिजैविकं शोधण्यावर पीएचडी करते आहे. तिनं समजावून पाहिलं, ताईला पटलं नाही. मजकुरात आकडा होता ना! मग आकड्यांनीच उत्तर देतो.

४६ दिवसांचा आकडा खरा आहे, हे मान्य करावं लागतं. २०१९ साली इन्सिलिको मेडिसिन या कंपनीचा पेपर ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त आला. डीडीआर१ या प्रथिनाला रोखणारे रेणू संगणकानं सुचवले, त्यांतले सहा प्रत्यक्ष बनवले, एक उंदरांपर्यंत गेला. पण या प्रथिनाला रोखणारे रेणू आधीपासून माहीत होते. शिवाय नवा रेणू पोनॅटिनिब या बाजारात असलेल्या औषधाशी फारच मिळताजुळता आहे, असा आक्षेपही नंतर घेतला गेला. एवढ्यावर ‘औषध शोधलं’ म्हणायचं?

पीएचडी फुकट, हा दुसरा मुद्दा. यासाठी ‘सेल’मधला फेब्रुवारी २०२० चा एमआयटीचा पेपर बघा, एआयच्या मदतीनं सापडलेल्या हॅलिसिन या प्रतिजैविकाचा. मॉडेलला शिकवण्यासाठी आधी २,३३५ रेणू खऱ्या जिवाणूंवर तपासावे लागले: कुठला ई. कोलायची वाढ रोखतो, कुठला नाही. ते लॅबमध्ये माणसांनी केलं. मग मॉडेलनं सहा हजारांवर रेणूंची क्रमवारी लावली. त्यातले सर्वांत आशादायक ९९ परत लॅबमध्ये तपासले, तेव्हा ५१ चालले. म्हणजे मॉडेलच्या सर्वांत आवडत्या रेणूंपैकी जवळजवळ निम्मे फोल. पुढे १० कोटींहून अधिक रेणू चाळले, त्यांतून निवडलेल्या २३ पैकी ८ चालले. हे यश मोठंच आहे, मी ते कमी लेखत नाही. पण कुठले ८, हे मॉडेलला सांगता आलं नाही.

मॉडेल कधी फसवतं हे ओळखणं, हेच भाचीचं काम. शिकवताना वापरलेल्या रेणूंची जवळची भावंडं परीक्षेतही आली तर मॉडेल हुशार दिसतं, आणि अनोळखी रेणू समोर आला की कोसळतं. एकाच रेणूचे दोन लॅबमधले आकडे अनेकदा जुळत नाहीत. न चाललेले रेणू तर पेपरांत क्वचितच छापले जातात, मग मॉडेलनं अपयश शिकायचं कुठून? यात वर्षं जातात, आणि ती जायलाच हवीत.

आता ज्या मुद्द्यानं माझं डोकं खरं फिरलं तो. चाचण्या म्हणजे औपचारिकता! हे लिहिणाऱ्यानं टर्फेनाडिनचं नाव ऐकलं नसावं. अ‍ॅलर्जीची गोळी, रीतसर मान्यता मिळालेली, लाखो लोकांनी घेतलेली. नंतर लक्षात आलं की केटोकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध किंवा एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक यांच्यासोबत घेतली, तर यकृत ती नेहमीसारखी मोडू शकत नाही. रक्तातलं प्रमाण वाढतं, हृदयाची लय बिघडते. माणसं दगावली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती मागे घेतली गेली. चाचण्या होऊनही हे निसटलं होतं, आणि हा गृहस्थ म्हणतो चाचण्याच नकोत! रेणू प्रथिनाला चिकटतो की नाही, एवढं मॉडेल सांगेल. आजारी माणसाचं यकृत, त्याच्या बाकीच्या गोळ्या, त्याचं वय, हे सगळं एकत्र आल्यावर काय होईल ते माणसांतच कळतं. मानवी चाचण्यांच्या पहिल्या टप्प्यात शिरणाऱ्या दर दहा औषधांपैकी साधारण नऊ पुढे गळतात. एआयच्या मदतीनं घडवलेला डीएसपी-११८१ हा रेणू २०२० मध्ये गाजावाजा करून मानवी चाचण्यांत उतरवला गेला आणि पहिल्या टप्प्यानंतर सोडून द्यावा लागला.

४६ दिवसांवाली कंपनी काय करते तेही बघा. तिचा रेंटोसर्टिब हा फुप्फुसांच्या फायब्रोसिसवरचा (फुप्फुसांत व्रणासारख्या कडक ऊती वाढण्याच्या आजारावरचा) रेणू ७१ रुग्णांवर १२ आठवडे तपासला गेला. निष्कर्ष २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आले. सर्वाधिक मात्रा घेणाऱ्या गटाची फुप्फुसांची क्षमता सरासरी ९८ मिलिलिटरनं वाढली, औषध न मिळालेल्यांची २० नं घटली. आशा वाटावी असंच आहे हे. तरी मोठ्या चाचण्या बाकी आहेत, आणि त्या टाळा असं खुद्द कंपनीही म्हणत नाही.

दडवादडवीबद्दल फार लिहीत नाही. हॅलिसिनची रचना पेपरात छापलेली आहे, मॉडेलचा कोड खुला आहे, ताईची लेक तोच उघडून रोज काम करते. दडवलेलं औषध कुठलं, कुठल्या आजारावरचं, किती माणसांवर तपासलेलं, हे त्या मजकुरात एका ओळीतही नाही. तो पाठवणाऱ्याला ताईनं आधी हे तीन प्रश्न विचारावेत, लेकीला नंतर.