दहा लाख खपले म्हणे. मोजले कोणी?

१९८५ साली ब्रिटनमध्ये होम कॉम्प्युटरवरच्या गेम्सचा एक संच कॅसेटवर आला. नाव ‘दे सोल्ड अ मिलियन’. संचाचं बारसं आणि जाहिरात एकाच नावात उरकलेली. आत चार गेम्स होते: सेबर वुल्फ, जेट सेट विली, बीच-हेड आणि डेली थॉम्प्सन्स डेकॅथलॉन. चारही आधी वेगवेगळ्या कंपन्यांनी काढलेले आणि चारही गाजलेले, त्याबद्दल वाद नाही. माझं भांडण त्या दहा लाखांशी आहे.

प्रत्येकी दहा लाख, की चौघांचे मिळून? स्पेक्ट्रम, कमोडोर ६४, अ‍ॅमस्ट्रॅड या त्या वेळच्या सगळ्या होम कॉम्प्युटरवरचे धरून, की एकाच मशीनवरचे? दुकानदाराकडे रवाना केलेल्या कॅसेटी, की गिऱ्हाइकाने पैसे टाकून घरी नेलेल्या? न खपता परत आलेला माल वजा केला का? नावात एवढं सगळं मावणार नाही, मान्य. पण चाळीस वर्षांनंतर रेट्रो गेमिंगवर हौसेने लिहिणारी मंडळी हेच नाव पुरावा म्हणून पुढे करतात तेव्हा माझं डोकं फिरतं. अरे, ती जाहिरात आहे! तिला साक्षीला काय बोलावता?

असे संच निघायचेच का, ते आधी बघा. सेबर वुल्फ हा अल्टिमेट कंपनीचा १९८४ चा गेम. कंपनीचे आधीचे गेम्स साडेपाच पौंडांना मिळायचे, याची किंमत ठेवली ९.९५ पौंड. महागाची वस्तू कोणी मित्राला उगाच कॉपी करून देणार नाही, असा त्यामागचा हिशेब. पुढच्याच वर्षी तोच सेबर वुल्फ आणखी तिघांना सोबत घेऊन साधारण तेवढ्याच पैशांत दुकानात हजर! पूर्ण किमतीला गेम खपायचा तो काही महिने. मग मासिकांत नव्या गेम्सची परीक्षणं यायची, आणि डबल कॅसेटवाला टेपरेकॉर्डर असलेल्या मित्राने शाळाभर कॉप्या वाटलेल्या असायच्या. पण गेम लिहून तयार होता, पुन्हा खर्च तो फक्त टेपचा, छापील कागदाचा आणि जाहिरातीचा. उरलेल्या पोळ्यांची सकाळी फोडणीची पोळी होते, तसाच हा प्रकार. (फोडणीची पोळी मला ताज्या पोळीपेक्षा जास्त आवडते, तेव्हा हा टोमणा समजू नका.) फक्त जुना माल ‘जुना’ म्हणून विकता येत नाही. तो ‘सगळ्यांकडे असलेला’ म्हणून विकावा लागतो, आणि त्यासाठी एक मोठा, गोल आकडा लागतो.

तो आकडा बाहेरून तपासायची सोय जवळपास नव्हती. ब्रिटनमध्ये गॅलप या सर्वेक्षण कंपनीचे खपाचे साप्ताहिक चार्ट निघायचे, पण छापून यायचा तो क्रमांक. पहिला आला म्हणजे किती हजार खपला, हे वाचकाला कळायचं नाही. नाताळातल्या आठवड्याचा पहिला आणि उन्हाळ्यातला पहिला, दोघांची मिरवणूक सारखीच. शिवाय स्वस्त गेम्स काढणाऱ्या मास्टरट्रॉनिकच्या १.९९ पौंडाच्या कॅसेटची एक प्रत आणि दहा पौंडांच्या संचाची एक प्रत, मोजताना दोन्ही एकच.

आणि जरा व्यवहाराने विचार करा. आकडा जवळ असतो तो प्रकाशकाकडे. गिऱ्हाइकाला सांगताना तो जितका मोठा तितका बरा. गेम लिहिणाऱ्याला प्रत्येक प्रतीमागे रॉयल्टी द्यायची असेल, तर तिथे तोच आकडा लहान असलेला सोयीचा. मी कोणावर चोरीचा आळ घेत नाही. एवढंच म्हणतो, की जाहिरातीतला आकडा मोठा केल्याने सांगणाऱ्याच्या खिशातून काही जात नव्हतं. माझी चाळणी हीच आहे. आकडा फुगवला तर सांगणाऱ्याला भुर्दंड बसेल का? बसणार असेल तर मी कान देतो.

म्हणून त्याच १९८५ सालच्या ‘सॉफ्ट एड’ संचाचा आकडा मला जास्त पटतो. इथिओपियातल्या दुष्काळासाठी काढलेला, दहा गेम्स, किंमत ४.९९ पौंड. लाखावर प्रती गेल्या आणि साडेतीन लाख पौंडांच्या आसपास मदत जमली, असं सांगतात. इथे खप फुगवून सांगितला असता तर तेवढे पैसे कुठे आहेत, असं कोणीही विचारलं असतं.

उलटं उदाहरण कमोडोर ६४ चं. कॉम्प्युटरचा आकडा फुगला की त्यावरच्या गेम्सचे आकडेही आपोआप खरे वाटू लागतात, म्हणून सांगतो. १७, २२, अगदी ३० दशलक्ष विकले गेल्याचे दावे वर्षानुवर्षं फिरत होते. कंपनीचे संस्थापक जॅक ट्रॅमिएल सांगायचे, की मी असताना दोनेक वर्षं महिन्याला चार लाख मशीन्स बनत होती. आता मशीन विक्रीला आलं ऑगस्ट १९८२ मध्ये आणि ट्रॅमिएल कंपनीतून बाहेर पडले जानेवारी १९८४ मध्ये. बोटांवर मोजा, दोन वर्षं भरतात का! २०११ मध्ये मायकेल स्टाइल यांनी मशीन्सवरचे सिरियल नंबर गोळा करून हिशेब मांडला, तो आला साधारण साडेबारा दशलक्ष. तरीही अवाढव्यच आहे की. फुगवायची गरज काय होती?

आता ‘कॅसेट ५०’. कॅस्केड गेम्स, १९८३, पन्नास गेम्स, ९.९५ पौंड. म्हणजे एक गेम वीस पेन्सला, वर पुढे पुढे कॅल्क्युलेटरचं घड्याळ फुकट. यातला दावा शंभर टक्के खरा होता. मोजून पन्नास होते! बहुतेक बेसिक या सोप्या प्रोग्रॅमिंग भाषेत घाईने खरडलेले, त्यामुळे वाईट गेम्सचा विषय निघाला की आजही या कॅसेटचं नाव पहिलं येतं. म्हणजे खोट्या आकड्यानेच फसवता येतं असं नाही. नव्वदच्या दशकात लॅमिंग्टन रोडवरून ‘९९९९९९ इन १’ लिहिलेली कार्ट्रिज आणणाऱ्यांना हे मी सांगायला नको. त्यात तर मारिओची प्रत्येक लेव्हल हा वेगळा गेम असायचा.

आकड्यांचं हे वेड गेलेलं नाही, आता ते नॉस्टॅल्जियाच्या नावाने येतं. २०१८ मध्ये कमोडोर ६४ ची छोटी आवृत्ती आली, आत गेम्स ६४. २०२४ मध्ये नवा ‘द स्पेक्ट्रम’ आला, आत ४८, कारण मूळ मशीनची मेमरी ४८ के. चांगले गेम्स निवडत गेलो आणि नेमके तितकेच भरले, असा योगायोग दोनदा होत नाही. आधी आकडा ठरला असणार, मग भरती झाली असणार. त्यातल्या त्यात अमिगा ५०० च्या छोट्या आवृत्तीवाल्यांनी २५ वर भागवलं, हे नशीब.