‘फॉरमॅट मारा आणि मोकळे व्हा’: परभणीच्या वाचकांच्या हरकतीला उत्तर

आदरणीय सर,

लिनक्स या विंडोजऐवजी वापरायच्या प्रणालीवरचा लॅपटॉप वारंवार बंद पडत असेल तर आधी यंत्राने आपोआप लिहून ठेवलेल्या नोंदी (लॉग) वाचाव्यात आणि मग उपायाला हात घालावा, असे मी मागील लेखात लिहिले होते. त्यावर आपण परभणीहून सविस्तर हरकत घेतली आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे, की हे सगळे इंजिनिअर लोकांचे चोचले आहेत आणि शाळेतल्या माणसाला टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, डोके घालायला सवड नसते. आपला लॅपटॉप विंडोजवर वर्षभर बिनतक्रार चालला आणि मिंट हा लिनक्सचा प्रकार टाकल्यापासून दिवसातून दोन-तीनदा बंद पडू लागला, म्हणजे दोष लिनक्सचाच. तेव्हा फॉरमॅट मारून, म्हणजे डिस्क पुसून प्रणाली नव्याने टाकून, मोकळे व्हावे हे उत्तम. शिवाय आपण जाता जाता दोन गोष्टी लिहिल्या आहेत: दोनदा फॉरमॅट करूनही पंधरवड्यात तोच त्रास सुरू झाला, आणि तो दुपारीच जास्त होतो. आपल्या प्रतिक्रियेतला सर्वांत मोलाचा मजकूर माझ्या मते या दोन वाक्यांत आहे, आणि नेमका त्यावरच आपण विचार केलेला दिसत नाही.

फॉरमॅटला माझा विरोध वेळ जातो म्हणून नाही. त्याने पुरावा जातो. मिंट आणि उबुंटू हे लिनक्सचे प्रकार मागच्या अनेक बूटच्या (यंत्र सुरू केल्याच्या खेपांच्या) नोंदी डिस्कवर जपून ठेवतात, आणि यंत्र बंद पडण्यापूर्वीच्या शेवटच्या मिनिटात काय घडले ते त्यांतच असते. फॉरमॅट मारला की ते सगळे पुसले जाते. नंतर पंधरा दिवस यंत्र बरे चालले तर त्यातूनही काही सिद्ध होत नाही, कारण त्या काळात नवे अपडेट आलेले नसतात, ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडलेले नसतात, आणि कदाचित मधल्या दिवसांत आभाळ आलेले असते.

‘विंडोजवर चालत होता’ हा मुद्दा वजनदार वाटतो, पण तो वाटतो तितका निर्णायक नाही. रॅममधला एखादा बिघडलेला कण एका प्रणालीत चित्राच्या एका ठिपक्याखाली येतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. तोच कण दुसऱ्या प्रणालीत कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, एखाद्या तक्त्याखाली आला तर सगळे यंत्र आडवे होते. लिनक्सचा कर्नल मुळात लिहिणारे लिनस टोरवाल्ड्स यांनाही ऑक्टोबर २०२२ मध्ये हा अनुभव आला. कर्नलची ६.१ ही आवृत्ती जुळवताना त्यांच्या यंत्रावर कंपायलर (लिहिलेल्या कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवणारे साधन) वाटेल तिथे कोसळू लागला, तेव्हा त्यांना पहिला संशय नव्या कर्नलचाच आला. प्रत्यक्षात अडीच वर्षे नीट चाललेली रॅम खराब झाली होती. कर्नलचा जनक जिथे फसतो तिथे आपण-मी कोण?

तरीही लिनक्स प्रत्येक वेळी निर्दोष असते असा माझा दावा नाही. इंटेलच्या बे ट्रेल पिढीतील सेलेरॉन एन २८४० सारखे प्रोसेसर असलेले स्वस्त लॅपटॉप एकेकाळी घरोघरी आले होते. त्यांवर लिनक्स अचानक गोठत असे, आणि प्रोसेसरला गाढ झोपेच्या अवस्थेत जाण्यापासून रोखणारा एक पर्याय बूटच्या ओळीत लिहिला की, बॅटरी थोडी लवकर संपण्याच्या बदल्यात, ते गोठणे थांबत असे. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचेही, म्हणजे त्यांचे ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचेही, तसेच. कर्नल बदलला आणि ड्रायव्हर मागे राहिला तर पडदा काळा. पण ही शंका फेडायलाही फॉरमॅट लागत नाही. सुरू होताना ग्रबच्या (काय सुरू करायचे ते विचारणाऱ्या पहिल्या पडद्याच्या) यादीतील ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन मागचा कर्नल निवडावा आणि आठवडाभर त्यावरच काम करावे. त्रास थांबला तर आपला आरोप खरा ठरेल, आणि तसे मान्य करायला मला काहीच अडचण नाही.

आता दुपारकडे येतो. आपला लॅपटॉप कसा बंद पडतो हे आपण लिहिलेले नाही, आणि सगळे त्यावरच अवलंबून आहे. पडदा गोठला, पण कॅप्स लॉकचा दिवा कळ दाबल्यावर लागतो-विझतो, अशी स्थिती असेल तर कर्नल जिवंत आहे आणि बहुधा ग्राफिक्सचा भाग अडकला आहे. अशा वेळी पॉवरचे बटण दाबून धरण्याऐवजी आल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून एस, यू, बी या कळा थोड्या थोड्या अंतराने दाबाव्यात, म्हणजे डिस्कवरचे काम लिहून होऊन यंत्र सुरक्षितपणे पुन्हा सुरू होते. काही लॅपटॉपवर सोबत एफएनची कळही धरावी लागते. तो दिवा आपोआप लुकलुकत असेल तर ते कर्नल पॅनिकचे, म्हणजे कर्नलच कोसळल्याचे, लक्षण आहे. माउस रखडत असेल आणि डिस्कचा दिवा अखंड पेटलेला असेल तर रॅम अपुरी पडते आहे, आणि ४ जीबीच्या यंत्रावर आजचे ब्राउझर चालवताना त्यात नवल नाही.

मात्र लाइट गेल्यासारखा लॅपटॉप एका क्षणात विझत असेल, तर मला उष्णता आणि वीज या दोघांचाच संशय येतो. लॅपटॉपचा पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही; तो फक्त दोन्हींतले अंतर आटोक्यात ठेवतो. सकाळी खोलीत २५ अंश असताना जे काम ८० अंशांवर निभावते, तेच काम मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ४१ अंश असताना ९६ च्या आसपास जाते, आणि बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा १०० च्या जवळपास असते. त्यात लॅपटॉप वाकळीवर ठेवला असेल तर खालची जाळी झाकली जाते. पंखा वरून स्वच्छ दिसतो म्हणून फसू नये. मागचे झाकण काढून पंखा बाजूला केला की त्याच्या आणि तांब्याच्या पातळ पात्यांच्या मधोमध धूळ आणि कापसाचे तंतू यांचा नमद्यासारखा घट्ट थर सापडतो, आणि तो अख्खाच्या अख्खा चिमट्याने उचलता येतो. आपल्याकडे जिनिंगच्या हंगामानंतर तो विशेष जाड असतो, असे माझे निरीक्षण आहे.

विजेबाबत एक गैरसमज दूर करतो. व्होल्टेज कमी आहे म्हणून लॅपटॉप बंद पडतो असे सर्रास म्हटले जाते. परंतु ॲडॉप्टरवरील लेबल वाचले तर बहुधा १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले आढळेल, म्हणजे १७० व्होल्टवर त्याची काही तक्रार नसते. घात करतो तो क्षणभराचा खंड, तोही बॅटरी संपूर्ण बसलेली असेल तरच. दुपारी त्याच एक्स्टेन्शन बोर्डवर कूलर सुरू होतो का, हे जरूर पाहावे. बॅटरीची खरी स्थिती ‘यूपॉवर’ ही आज्ञा सांगते: एनर्जी-फुल (आज पूर्ण भरल्यावर मावणारी ऊर्जा) हा आकडा एनर्जी-फुल-डिझाइनच्या (नवी असतानाच्या क्षमतेच्या) तुलनेत फारच कमी असेल तर त्या बॅटरीच्या भरवशावर राहू नये.

या दोन संशयितांना वेगळे करण्यासाठी नोंदी उपयोगी पडतात, पण त्या अर्ध्याच वाटेपर्यंत सोबत करतात. जर्नलसीटीएल या आज्ञेला बी आणि वजा एक हा पर्याय जोडला की मागच्या बूटच्या नोंदी उघडतात. टर्मिनल नकोच असेल तर ‘लॉग्ज’ नावाचे ॲप्लिकेशन तेच काम खिडकीत करते. वरच्या शीर्षकावर क्लिक करून मागचा बूट निवडायचा, बस. शेवटच्या ओळींत तापमान धोक्याच्या पातळीला पोचल्याचा आणि यंत्रणा बंद करत असल्याचा उल्लेख असेल तर निकाल लागला. पण उष्णता फारच झपाट्याने वाढली तर प्रोसेसर कर्नलला न विचारता स्वतःच वीज तोडतो. तेव्हा नोंदी वाक्य अर्धे सोडावे तशा तुटतात, आणि वीज गेल्यावरही त्या अगदी तशाच दिसतात. म्हणून एखाद्या थंड सकाळी, कूलर बंद ठेवून, ‘स्ट्रेस-एनजी’ या भार टाकणाऱ्या प्रोग्रॅमने प्रोसेसरवर दहा-पंधरा मिनिटे पूर्ण भार टाकावा आणि शेजारच्या खिडकीत ‘सेन्सर्स’ या आज्ञेने दिसणारे तापमानाचे आकडे पाहत राहावे. आकडे चढत जाऊन तेव्हाही लॅपटॉप विझला तर उष्णता. सकाळी टिकला आणि दुपारी नुसती फाइल उघडी असताना कूलर लावताच विझला तर वीज.

डिस्कचेही एकदा पाहून घ्यावे. ‘स्मार्टसीटीएल’ या डिस्क तपासणाऱ्या आज्ञेच्या तक्त्यात करंट पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे डिस्कचे भाग) या ओळीत शेवटच्या ‘रॉ व्हॅल्यू’ रकान्यात शून्याऐवजी दुसरा आकडा दिसला, तर बाकी तपास बाजूला ठेवून आधी निकालपत्रके आणि मुलांच्या याद्या पेन ड्राइव्हवर घ्याव्यात.

आपल्याला सवड नाही हे मला मान्य आहे. पण दोनदा फॉरमॅट करणे, अपडेट उतरवणे, प्रिंटर पुन्हा जोडणे आणि मराठी कीबोर्ड बसवणे यात गेलेल्या वेळात वरील सगळे दोनदा करून झाले असते.

शेवटी आपण विचारले आहे, की ४ जीबीची आणखी एक रॅम घेतली तर भागेल का. घेण्यापूर्वी रात्री झोपताना मेमटेस्ट ८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून ठेवावे. ६ व्या आवृत्तीपासून ते यूईएफआयच्या, म्हणजे नव्या पद्धतीने सुरू होणाऱ्या, यंत्रांवरही चालते. सकाळी त्यात एक जरी चूक दिसली तरी आहे ती रॅमच बदलावी लागेल, शेजारी नवी बसवून उपयोग नाही. आणि दुकानात जाताना जुनी रॅम काढून सोबत न्यावी: डीडीआर ३ आणि डीडीआर ३ एल या दिसायला सारख्याच असतात, पण पहिली १.५ व्होल्टवर चालते, दुसरी १.३५ व्होल्टवर, आणि बऱ्याच लॅपटॉपना फक्त दुसरीच चालते.